कॅनडाच्या पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्ज कुणाच्या नावाने टाकायचा?

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, राहणार जुळे सोलापूर. २०१३ साली इथूनच बी.ई. मेकॅनिकल झालो. आठ वर्षं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात विव्हिंग सुपरवायझर आहे. पगार ३५ हजार. त्यातले २२ बँकेत, बाकी रोख. आयईएलटीएस जनरल ही इंग्रजीची परीक्षा दिली आहे, एकूण ६.५ (लिसनिंग ७, रीडिंग ६.५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६.५). पत्नी ३० वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि नंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, सहा वर्षं खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स. मुलगी चार वर्षांची. पुण्याचे एक कन्सल्टंट म्हणतात, "तुमचे ६७ गुण भरतात, सहा महिन्यांत कॅनडाची पीआर, जॉब लेटरचीही सोय करू." फी तीन लाख. २० हजार टोकन आणि दोघांच्या मूळ मार्कशीट देऊन बसलोय. आम्ही पात्र आहोत का, आणि कागद कोणते लागतील?

उत्तर : आजच्या घडीला तुम्ही स्वतः पात्र नाही. तुमच्या पत्नी मात्र इंग्रजीची परीक्षा नीट दिली की पात्र ठरतील, आणि त्यांच्या नावाने अर्ज गेला तर निवड होण्याची खरी शक्यता आहे. तुमच्या नावाने गेला तर जवळपास नाही. कन्सल्टंटने हा मुद्दा काढलाच नाही, याचंच आम्हाला जास्त नवल वाटतं.

आधी तुमचं बघू. तुम्हाला सांगितलेली योजना म्हणजे एक्स्प्रेस एंट्री या कॅनडाच्या ऑनलाइन निवडपद्धतीतला फेडरल स्किल्ड वर्कर कार्यक्रम. त्यात शिरण्यासाठी गेल्या दहा वर्षांत एकाच व्यवसायातला किमान एक वर्षाचा सलग, पगारी, आठवड्याला ३० तासांचा अनुभव लागतो. शिक्षणाची कॅनडाच्या तोडीने तपासणी करून घ्यावी लागते, आणि इंग्रजीच्या चारही भागांत सीएलबी या कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर ७ ही पातळी लागते. आयईएलटीएसमध्ये सीएलबी ७ म्हणजे चारही भागांत प्रत्येकी किमान ६. एकूण ६.५ असून उपयोग नाही, कारण तिथे सरासरी कुणी बघत नाही. तुमचा रायटिंगचा ५.५ म्हणजे सीएलबी ६, आणि तेवढ्यावरच फाइल बाहेर.

समजा परत परीक्षा देऊन रायटिंग ६ वर आणलं. मग भाषेचे १८, बी.ई.चे २१, सहा वर्षांहून जास्त अनुभवाचे १५, वयाचे १२ आणि पत्नीला जुजबी इंग्रजी येतं हे परीक्षेने दाखवलं तर ५, असे ७१ होतात. म्हणजे ६७ चा आकडा खोटा नाही. पण ६७ हा फक्त आत येण्याचा उंबरा. आत आलेल्या सगळ्यांची पुन्हा १२०० पैकी गुणांवर, म्हणजे सीआरएसवर, रांग लागते आणि वरच्यांनाच अर्जाचं निमंत्रण जातं. तुमची सीआरएस बेरीज अशी : वय ७५, पदवी ११२, भाषा ७६, शिक्षण-अनुभव-भाषा यांच्या जोडगुणांचे ३८, आणि पत्नीची पदवी व चांगलं इंग्रजी धरून २८. एकूण ३२९. तुम्ही घासून अभ्यास करून सीएलबी ९ काढलं तरी ४०६. आणि सर्वांसाठी खुली अशी शेवटची फेरी २०२४ च्या एप्रिलमध्ये निघाली, तिचा कटऑफ ५२९ होता. त्यानंतर २०२५ अखेरपर्यंत तशी फेरी निघालीच नाही; फेऱ्या निघाल्या त्या कॅनडात आधी काम केलेल्यांच्या, प्रांतांनी निवडलेल्यांच्या, फ्रेंच येणाऱ्यांच्या आणि ठरावीक व्यवसायांच्या.

त्या ठरावीक व्यवसायांत नर्सिंग आहे. टॉवेल कारखान्यातली सुपरवायझरी नाही.

आता पत्नीची बेरीज. वय ३० चे ९५. जीएनएम आणि पोस्ट बेसिक ही दोन स्वतंत्र प्रमाणपत्रं म्हणून मोजली गेली तर शिक्षणाचे ११९. सीएलबी ९ चे ११६. तुमच्या बी.ई.चे ८ आणि तुमच्या आजच्या इंग्रजीचे १०. जोडगुण पूर्ण १००. झाले ४४८. त्यांनी सीएलबी १० काढलं तर ४६०, आणि तुम्हीही सीएलबी ९ पर्यंत गेलात तर ४७०. २०२५ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत आरोग्य गटाच्या फेऱ्यांचे कटऑफ ४६२ ते ४७६ या पट्ट्यात होते. म्हणजे टप्प्यात आहे, हातात नाही. गंमत अशी की जोडीदाराच्या इंग्रजीला किमान अट नाही, त्यामुळे तुमचा तोच ५.५ इथे चालून जातो, ५.५ चा ६ केलात तर फक्त दोन गुण वाढतात. तुमच्या अनुभवाचे गुण त्यांच्या अर्जात मोजलेच जात नाहीत, तेव्हा रोख पगाराची भानगडही तिथे उरत नाही. आणि हे सगळं लवकर करायचं कारण साधं आहे : तिशीनंतर प्रत्येक वाढदिवसाला पाच गुण गळतात.

सगळ्यात नाजूक जागा आहे ती शिक्षणाच्या तपासणीची, म्हणजे ईसीएची. अहवालात दोन्ही अभ्यासक्रम मिळून एकच पदवी अशी नोंद आली तर ४४८ चे ४१६ होतात. म्हणून जीएनएम 'पोस्ट बेसिकमध्ये आलंच की' म्हणून वगळू नका. दोन्ही स्वतंत्र नोंदवा आणि दोन्हींचे कागद पाठवा. सोलापुरातल्या बऱ्याच जणी इथे फेरा मारून येतात : कॉलेज सोलापुरात असलं तरी नर्सिंगची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते, त्यामुळे केगावला, सोलापूर विद्यापीठात, जाऊन काही मिळत नाही. ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रकाचा, अर्ज नाशिकला. जीएनएमचं प्रमाणपत्र ज्या मंडळाने दिलं, त्या मंडळाकडे वेगळा अर्ज. तुमच्या बी.ई.चा मात्र केगावलाच, कारण तुमच्या पदवीचे ८ गुण हवे असतील तर तुमचाही ईसीए करावा लागतो. तुमच्या पदवीवर 'सोलापूर विद्यापीठ' छापलेलं असेल आणि ट्रान्सक्रिप्टवर 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' येईल. नाव २०१९ मध्ये बदललं, त्याने घाबरायचं कारण नाही; एका ओळीचा खुलासा जोडून द्या. आणि तुमच्या ओळखीत २००४ च्या आधी पास झालेलं कुणी असेल तर त्यांची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, त्यांनी कोल्हापूर गाठायचं.

ईसीए करणाऱ्या डब्ल्यूईएस किंवा तत्सम संस्था सुटं ट्रान्सक्रिप्ट उमेदवाराच्या हातून घेत नाहीत. विद्यापीठाने सीलबंद पाकिटात, जोडावर शिक्का-सही मारून द्यायचं, किंवा स्वतःच्या अधिकृत ईमेलवरून पाठवायचं. पाकीट हातात मिळालं की बघायला म्हणून फोडू नका. फोडलेलं पाकीट म्हणजे परत नव्याने अर्ज, परत फी, परत महिनाभर वाट. ईसीए अहवाल पाच वर्षं चालतो, म्हणून तो पहिल्यांदा करून ठेवायला हरकत नाही. भाषेचा निकाल दोनच वर्षं.

भाषेबद्दल एक इशारा. नर्सेसना सगळीकडून ओईटी (आरोग्य कर्मचाऱ्यांची इंग्रजी परीक्षा) किंवा आयईएलटीएस अकॅडेमिक द्यायला सांगतात. एक्स्प्रेस एंट्रीला दोन्ही चालत नाहीत. आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग, सेलपिप जनरल किंवा पीटीई कोअर यांपैकी एक. सीएलबी ९ साठी आयईएलटीएसमध्ये लिसनिंग ८ आणि बाकी तिन्हींत ७. सीएलबी १० साठी लिसनिंग ८.५, रीडिंग ८, बाकी दोन्हींत ७.५. रात्रपाळी सांभाळून हे होत नाही, चार महिने तरी मोकळे काढावे लागतील. तुमच्या तीन लाखांतले निम्मे या तयारीवर आणि फेरपरीक्षांवर गेले तरी ते सत्कारणी लागतील, असं आमचं मत आहे.

अनुभवपत्राचं बघा, कारण बऱ्याच फाइली इथेच अडतात. आपल्याकडची रुग्णालयं दोन ओळींचं प्रमाणपत्र देतात : सौ. अमुक तमुक या आमच्याकडे स्टाफ नर्स म्हणून काम करतात, त्यांची वर्तणूक चांगली आहे. याचा तिथे काही उपयोग नाही. लेटरहेडवर रुग्णालयाचा पत्ता, फोन, ईमेल हवा. रुजू झाल्याची तारीख. पद बदललं असेल तर प्रत्येक पदाच्या तारखा. आठवड्याचे तास (आठ तासांच्या सहा पाळ्या म्हणजे ४८, तसं आकड्यात लिहायचं). वर्षाचा पगार आणि इतर लाभ. आणि कामाची यादी. सही मेट्रन किंवा एचआर प्रमुखाची, खाली नाव, हुद्दा, शिक्का. कामाच्या यादीत प्रत्यक्षात करतात तेच लिहायचं : रुग्णाची तपासणी करून नोंदी ठेवणं, डॉक्टरांच्या आदेशाने औषधं आणि आयव्ही देणं, शस्त्रक्रियेआधीची तयारी, ड्रेसिंग, डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना समजावणं, शिकाऊ नर्सेसवर देखरेख. कॅनडाच्या एनओसी या व्यवसाय-वर्गीकरणात नोंदणीकृत नर्सचा क्रमांक ३१३०१. त्याचं वर्णन जसंच्या तसं उतरवलेलं पत्र अधिकारी लांबून ओळखतो, कारण तोच मजकूर त्याने दिवसभर वाचलेला असतो.

रुग्णालय म्हणालं की आमच्या फॉरमॅटमध्ये हे बसत नाही, तर भांडू नका. दोन ओळींचं पत्र घ्या, त्याला नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, बँक पासबुकातल्या पगाराच्या नोंदी आणि मेट्रनचं कामाचा तपशील देणारं प्रतिज्ञापत्र जोडा, आणि पूर्ण पत्र का मिळालं नाही ते वेगळ्या कागदावर लिहून द्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, तेही पाहून घ्या. पत्नीचा पगार बँकेत येतो की त्यातही रोखीचा वाटा आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. रोखीचा वाटा असेल तर पत्रातला आकडा बँकेतल्या आकड्याशी जुळेल असाच घ्या, किंवा फोड करून लिहायला सांगा. पगार किती यावर एकही गुण नाही. तो फुगवून मिळत काही नाही, संशय मात्र मिळतो.

तुमच्या कारखान्याचं पत्र या अर्जात गुणांसाठी लागणार नाही, तरी भविष्यात कुठल्या प्रांताच्या योजनेत उपयोगी पडेल म्हणून सांगतो. विव्हिंग सुपरवायझर ९२०१५ मध्ये बसतो. या क्रमांकातला दुसरा अंक महत्त्वाचा, तो कौशल्याची पातळी सांगतो. ० ते ३ चालतं, ४ आणि ५ चालत नाही. मागावर प्रत्यक्ष कापड काढणाऱ्या कामगाराचा क्रमांक ९४१३१, म्हणजे पातळी ४, म्हणजे अपात्र. आपल्याकडे सुपरवायझर म्हणवणारा माणूसही कामगार आला नाही की स्वतः रेपिअर मागावर उभा राहतो, बीम चढवतो. पत्रात तेच पहिल्या ओळीत आलं की अधिकारी त्याला चार नंबरात ढकलतो. पाळीचं नियोजन, किती कामगार हाताखाली, प्रतवारी तपासणं, नवीन माणसाला शिकवणं हे आधी यायला हवं, अर्थात खरोखर करत असाल तर. कुणी 'प्रॉडक्शन इंजिनिअर लिहून घेऊ' म्हणालं तर तिथून उठा.

पैशांचा पुरावा. तिघांच्या कुटुंबाला २०२५ च्या जुलैपासून २३,३६० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. डॉलर ६२ ते ६५ रुपयांना धरला तर साडेचौदा ते सव्वापंधरा लाख. हा आकडा दरवर्षी बदलतो. घर, शेती, प्लॉट यांची किंमत यात धरत नाहीत आणि उसने आणलेले पैसे चालत नाहीत. बँकेचं पत्र लागतं, त्यात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि तुमच्यावर असलेली कर्जं हे सगळं हवं. अडचण सरासरीची असते. भिशी उचलली, सासऱ्यांनी सहा लाख टाकले, आणि पंधरा दिवसांत पंधरा लाख उभे राहिले, असं खातं दिसलं की प्रश्न येतोच. पैसे आत्तापासून खात्यात येऊ द्या. घरच्यांनी दिले असतील तर परतफेड नको असं लिहिलेलं बक्षीसपत्र आणि देणाऱ्याच्या खात्याचा उतारा; प्लॉट विकला असेल तर खरेदीखत. पतसंस्थेतली ठेव असेल तर शक्यतो मोठ्या बँकेत हलवा. पतसंस्था वाईट म्हणून नव्हे. मुदत ठेव मोडता येते का, पत्र इंग्रजीत मिळतं का, यात वेळ जातो.

ओळखीचे कागद : तिघांचे पासपोर्ट, लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, मुलीचा महापालिकेचा जन्मदाखला. मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र. भाषांतर तुम्ही किंवा नात्यातल्या कुणी केलेलं चालत नाही, इंग्रजीचे प्राध्यापक असलेले मामा असले तरी. नावं एकदा ओळीने मांडून बघा. पत्नीचं जीएनएम बहुधा माहेरच्या नावाने, पदवी कदाचित सासरच्या, मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं तर शाळेत एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या आणि पासपोर्टवर तिसऱ्या स्पेलिंगने असतात. लग्नाचं प्रमाणपत्र आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र ईसीएला पाठवण्याच्या आधीच तयार ठेवा.

पोलिसांचा दाखला दोघांचा लागतो. पोलिस ठाण्यातून मिळणारा चारित्र्याचा दाखला नव्हे, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळणारा पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट). फी ५०० रुपये. पडताळणी राहत्या पत्त्यावर होते. जुळे सोलापूर शहर आयुक्तालयात येतं, पण पासपोर्टवर गावाकडचा पत्ता असेल तर ग्रामीण पोलिसांकडे कागद फिरत राहतो, तेव्हा राहत्या पत्त्याचा पुरावा पक्का ठेवा. अर्जाच्या दिवशी हा दाखला सहा महिन्यांहून जुना नको, म्हणून तो अगदी सुरुवातीला काढू नका. आखातात किंवा आणखी कुठे सलग सहा महिने राहिला असाल तर त्या देशाचाही लागतो. वैद्यकीय तपासणी २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्जाच्या आधीच करावी लागते, तीही कॅनडाच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच, मुलीचीही होते.

निमंत्रण आल्यावर हातात ६० दिवस. त्यात गेल्या दहा वर्षांचा महिन्यागणिक हिशोब द्यायचा असतो, घरी बसलेले महिनेसुद्धा. सरकारी फी २०२४ च्या एप्रिलपासूनच्या दराने मोठ्या माणसाला १,५२५ डॉलर, मुलीला २६०, कुटुंबाच्या बायोमेट्रिकचे १७० अशी होती. दर दोन वर्षांनी ती वाढते, तेव्हा भरण्याच्या दिवशीचा आकडा बघा. बायोमेट्रिक पुण्याला. 'सहा महिन्यांत' हे जे सांगतात, ते पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासूनचं सरकारी उद्दिष्ट आहे, टोकन दिल्यापासूनचं नव्हे. आणि पीआर मिळाली म्हणजे तिथे नर्सचा गणवेश मिळाला असं नाही. प्रांताचा परवाना आणि परीक्षा हे वेगळं प्रकरण, त्याची फाइल समांतर सुरू करा.

आता ते जॉब लेटर. २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरला सीआरएसमध्ये शून्य गुण आहेत. म्हणजे ज्यासाठी पैसे मागताहेत त्याने रांगेतली तुमची जागा एका पावलानेही पुढे सरकत नाही. ते बनावट निघालं तर पाच वर्षं बंदी, आणि अर्ज पत्नीच्या नावाने असला तरी फाइल तुम्हा सगळ्यांचीच बुडते. पैसे घेऊन दुसऱ्याचा अर्ज हाताळायचा अधिकार कॅनडातल्या परवानाधारक सल्लागारांना आणि वकिलांनाच आहे. सल्लागारांची यादी कॅनडाच्या इमिग्रेशन कन्सल्टंट कॉलेजच्या, म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेच्या, संकेतस्थळावर उघडी असते. तुमच्या कन्सल्टंटकडून परवाना क्रमांक मागा आणि तिथे स्वतः टाकून बघा. क्रमांक 'कॅनडातल्या आमच्या पार्टनरचा' असेल तर करारावर त्या पार्टनरची सही हवी.

एक्स्प्रेस एंट्रीची ऑनलाइन प्रोफाइल भरायला कुणीही लागत नाही, तिला फीही नाही. कुणाची मदत घेतलीत तरी खातं पत्नीच्या ईमेलवर उघडा आणि पासवर्ड घरात ठेवा. या आठवड्यात आधी पुण्याला जाऊन मूळ मार्कशीट परत आणा आणि परत मिळाल्याची पोच घ्या. त्यांच्याशिवाय केगावचा आणि नाशिकचा, दोन्ही अर्ज अडतील. २० हजारांची पावती असेल तर लेखी मागणी करा, नसेल तर त्या पैशांपायी मार्कशीट अडकवून ठेवू देऊ नका.